जुन्या मापाचा कोट

त्या घरात एक नियम होता. मालिकेच्या कपड्यांचं गाठोडं दारात आलं की वन्संनी उठायचं, आपली वेताची खुर्ची फिरवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. मग वहिनी गाठोडं सोडणार, कापडांना टाचलेल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचणार, त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण दाबणार आणि म्हणणार, "झालं हो वन्सं." तोवर मान वळवायची नाही. नऊ वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. आणि नियम वन्संनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला होता.

वहिनी शिवणकाम करत. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची, त्यामुळे त्यांचं खरं नाव मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर तेवढं उरलं होतं. वन्सं त्यांच्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. अकरा वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हा "महिनाभर सोबतीला राहते" म्हणून एक बॅग घेऊन आल्या. ती बॅग कपाटावर ठेवली गेली आणि तिथंच राहिली. महिना कधी संपला ते कुणी विचारलं नाही. वहिनींनी "राहा" म्हटलं नाही, वन्संनी "राहते" म्हटलं नाही. दोन कप चहा होत राहिला.

पुढची खोली म्हणजेच कामाची खोली. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीवर उरलेल्या कापडाचं शिवलेलं झाकण, कारण वहिनींच्या हातून कापडाचा तुकडा वाया जात नसे. कागदाचाही जात नसे. जुन्या वर्तमानपत्रातून कापलेले नमुने, कुणाची बाही, कुणाची कॉलर, कुणाचा खिसा, असे दोऱ्यात ओवून समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला टांगलेले असत. वारा आला की सगळ्या कागदी बाह्या हलायच्या.

वहिनी कापत आणि मशीन चालवत. काजं, बटणं आणि हातशिलाई वन्संकडे. एक्स्चेंजमध्ये दिवसभर तारा या भोकातून काढून त्या भोकात घालायची सवय, त्यामुळे बोटं तयारच होती.

मालिका रोज संध्याकाळी सातला लागायची. नदीकाठचं एक घर, उतारूंना खोल्या देणारं, आणि ते चालवणारी बाई. तिला सगळे थोरली म्हणायचे. पहिल्याच भागात तिचा नवरा तपकिरी कोट घालून नावेत बसला, "संध्याकाळी येतो" म्हणाला, आणि नऊ वर्षं झाली तरी ती संध्याकाळ उजाडली नव्हती. थोरलीनं जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची तशीच ठेवली होती. मधल्या काळात मुलं मोठी झाली, घर दोनदा जळता जळता वाचलं, एक वकीलीणबाई आली आणि गेली. पण येतो की नाही हा प्रश्न आपला शाबूत.

ही मालिका वन्संचा जीव की प्राण. आणि तिचे कपडे त्याच घरात शिवले जायचे, हीच पंचाईत होती. चिठ्ठीवर सगळं असायचं: कितवा भाग, कोणाचा कपडा, किती नग. नुसत्या नगांवरून वहिनी गोष्ट ओळखत. एकच नग असला तर माणूस सुखरूप. दोन सारखेच मागितले तर एक भिजणार नाहीतर चिखलात जाणार. तीन मागितले तर त्या माणसाचं काही खरं नाही. थोरलीच्या जावयाचे तीन शर्ट शिवले तेव्हा वहिनी आठवडाभर त्या जावयाकडे पडद्यावर अशा काही बघत होत्या की वन्सं शेवटी म्हणाल्या, "तू त्याच्याकडे आजाऱ्यासारखी बघू नकोस. मला कळतं."

वहिनींना पुढचं कळल्याशिवाय घास गिळवत नसे. ही सवय त्यांना शिवण शिकवणाऱ्या मास्तरांनी लावली. तेव्हा वहिनी सोळा वर्षांच्या. मास्तर प्रत्येक सिनेमा पहिल्या दिवशी बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी कात्री चालवता चालवता अख्खा सांगायचे, मारामारीच्या आवाजासकट. आठ मशिनी, आठ मुली, आणि सगळ्यांना शेवट ठाऊक. तरी महिनाअखेर सगळ्या मिळून तोच सिनेमा बघायला जायच्या आणि रडायच्या. "उलट बरं पडायचं," वहिनी सांगत. "रुमाल कुठं काढायचा ते आधीच माहीत."

"रुमाल आधी काढून ठेवलास तर ते रडणं कसलं?" वन्सं म्हणत.

"मी कोट कापायला घेते तेव्हा तो कोटच होणार हे मला ठाऊक असतं की नाही? तरी शिवण्यातली गंमत जाते का?"

"तुझा कोट तुझ्या हातात असतो. हे माझ्या हातात नाही. मग निदान त्याच्या वेळेला येऊ दे त्याला."

मालिका संपताना 'पुढील भागात' म्हणून उद्याचे तुकडे दाखवत, त्याआधीच वन्संचा अंगठा रिमोटवर जाऊन बसायचा. आवाज बंद करून त्या पाठमोऱ्या स्वयंपाकघरात. वहिनी मात्र पडद्याला नाक लावून ओठांच्या हालचालीवरून ओळखायचा प्रयत्न करत.

वन्सं अशा का, ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. भर दुपारी वीज गेली होती, मशीन बंद, दोघी दारात बसल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, "तेव्हा बाहेरगावचा फोन आमच्या हातूनच जोडला जायचा. एकदा एक माणूस बोलला, वडील गेले, बहिणीला सांगायचंय, लवकर लाइन द्या. मी लावला नंबर. पलीकडे बहीण. घरात काहीतरी चाललं असावं, ती हसत हसतच म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, थांबा, जोडते. ते एक मिनिट, वहिनी. तिचं हसणं माझ्या कानात आणि तिची बातमीही माझ्याकडेच. अशी मिनिटं छत्तीस वर्षं काढली मी. सगळ्या गावाचं मला आधी कळायचं. आता नको."

त्यानंतर वहिनींनी चिठ्ठ्यांच्या डब्याला चिकटपट्टीसुद्धा लावायला सुरुवात केली.

तर एका सोमवारी सकाळी टाचण्या गाठोडं घेऊन आला. टाचण्या हा कपडेपटाचा माणूस, पन्नाशीचा, दाट मिशांचा. बोलताना ओठांत कायम दोन टाचण्या धरायचा, म्हणून ते नाव. वन्संनी खुर्ची फिरवली. टाचण्या त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाला, "थोरल्या बाई, थोडंसं सांगू का? एकच ओळ."

"सांग. मग तुझी पुढची सगळी बटणं उलटी लावते."

टाचण्या हसत गेला. वहिनींनी गाठ सोडली. वर तपकिरी लोकरी कापड होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पुरुषाचा कोट, पहिल्या भागातला तोच, जुना कसरीनं खाल्ला. दोन नग. म्हणजे परत येतोय आणि भिजतोय. वहिनींनी ते कापड बाजूला सारलं. खाली निळं कापड, थोरलीसाठी, प्रवासाचा लांब कोट, एक नग, खांदे नेहमीपेक्षा चार बोटं रुंद. म्हणजे थोरली जरा सुटलीय आणि त्याच्याबरोबर निघालीय. एवढं सगळं त्यांनी एका दमात ओळखलं आणि मग चिठ्ठीच्या कोपऱ्यातले दोन शब्द वाचले. अंतिम भाग.

"झालं का ग?" वन्संनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. सहा आठवडे होते.

आता मालिका संपली तर संपली, दुसरी येईल, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? होतं. वन्संची धाकटी बहीण दुसऱ्या गावी राहायची. मोठं घर, मागं बाग, मुलं परदेशी. दर रविवारी तिचा फोन यायचा, "अक्का, आता इकडे राहायलाच ये, किती दिवस तिथं बटणं लावत बसणार?" आणि वन्संचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुझ्याकडे सातला बातम्या लावतात. माझी मालिका संपली की येते." नऊ वर्षं दोघी बहिणी या उत्तरावर हसत होत्या. वहिनीही मशीन चालवता चालवता हसत. पण वन्संना त्या ओळखून होत्या. वन्सं बोलल्या की बोलल्या. एकदा टाचण्याला 'गुरुवारी देते' म्हणाल्या तर अंगात ताप असताना गुरुवारी काजं पुरी केली होती.

"झालं हो," वहिनी म्हणाल्या आणि डब्याला पट्टी लावली. आवाज जरा वर लागला. वन्सं वळल्या, त्यांनी वहिनींकडे एकदा पाहिलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

कोटाला वहिनींनी लगेच हात घातला. मापाच्या वहीत नऊ वर्षांपूर्वीचं पान काढलं: छाती, खांदा, बाही. कात्री घेतली. एरवी वहिनी सहा महिन्यांपूर्वीच्या मापावरही विश्वास ठेवत नसत. फोन करून विचारत, माणूस सुटलाय का, वाळलाय का. या वेळी फोन केला नाही. दोन्ही कोट झटपट शिवले, दुसऱ्या गाठोड्यात आत घालून दिले, आणि चारच दिवसांत टाचण्या ते परत घेऊन आला.

ओठांतल्या टाचण्या काढून तो म्हणाला, "वहिनी, बटण लागत नाही. माणूस आता चांगला भरलाय. उद्याचं शूटिंग अडलं. शेवटचा आठवडा..." वन्संची खुर्ची भिंतीकडे होती तरी तो पुढचं गिळून म्हणाला, "एकूण सगळंच पुढं जायचं."

वहिनींना काय वाटलं असेल? आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या हातचा कपडा परत आला नव्हता. मास्तर असते तर त्यांनी कात्रीच काढून घेतली असती. आपण फोन करायला विसरलो की विसरलो असं ठरवलं, हे त्यांचं त्यांना सांगता येईना.

पण त्यांचे हात त्यांच्यापेक्षा प्रामाणिक निघाले. कोट उलटा केला तर शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड दाबलेलं होतं, नेहमीसारखंच. उसवून सोडलं की झालं. दोन दिवसांचं काम, आठवड्याचं नव्हे.

उसवायचं काम वन्संचं. वहिनींनी कोट त्यांच्या मांडीवर टाकला. आता नियमाप्रमाणे वन्सं कपडा कोणाचा ते विचारत नसत. त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला. शिंगाचं जाड बटण, चार भोकांचं. त्याच बटणांनी नऊ वर्षांपूर्वी त्यांची सुई मोडून बोटात गेली होती. अंगठा त्या बटणावर जरा जास्त वेळ राहिला.

"कापड छान आहे," वन्सं म्हणाल्या.

"आहे ना."

"उबदार. भिजलं तर वाळायला वेळ लागेल."

वहिनींनी उगाच मशीन चालवलं. त्यात दोरा नव्हता.

मग वर्तमानपत्राची भानगड झाली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी वहिनींनी पेपर उघडला तर मनोरंजनाच्या पानावर थोरलीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत मालिका संपत असल्याची बातमी. वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. पान फाडावं तर फाटलेलं दिसणार. वहिनींनी शिवणकाम करणारी बाई करील तेच केलं. खडू घेतला, त्या बातमीवर गळ्याची गोलाई काढली आणि कॉलरचा नमुना कापून घेतला.

वन्सं चहाला बसल्या. पेपर उघडला, आणि त्या कॉलरीएवढ्या भोकातून वहिनींकडे बघत म्हणाल्या, "आजच्याच पेपराची कॉलर?"

"जुने संपले होते."

"बाथरूमच्या दारामागं गठ्ठा आहे."

"ते ओलसर झालेत. रेघ उमटत नाही."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि भोकाभोवतीच्या बातम्या वाचू लागल्या. त्या आठवड्यात पेपरातून आणखी एक बाही आणि दोन खिसे गेले. रविवारी धाकटीचा फोन आला की वहिनी नेमक्या त्याच वेळी मशीन जोरात चालवू लागत. धाकटी तिकडून विचारायची, "अक्का, घरात गिरणी घातलीय का?"

दिवस असे चालले. संध्याकाळी सातला दोघी बसत. वन्सं थोरलीच्या धाकट्या मुलीच्या खोड्यांना पदरात न मावेल इतकं हसत, आणि वहिनी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत. एका संध्याकाळी त्यांच्या मनात आलं, ते एक्स्चेंजमधलं मिनिट आता आपल्याकडे आलंय. वन्संना ते छत्तीस वर्षं पुरलं, आपल्याला सहा आठवडेच काढायचेत. पण काढवेना.

सांगावं तरी काय? 'जाऊ नका' म्हणावं? घर त्यांच्या भावाचं. तिकडे सख्खी बहीण. इथं भावजय, तीही दिवसभर शर्ट शिवणारी, उतारवयात त्यांना सुई धरायला लावणारी. वहिनी मनातल्या मनात दहा वेळा वाक्य बेतत आणि दहाही वेळा ते कुठंतरी काखेत घट्ट होई.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी वन्संनी स्टूल घेतलं, कपाटावरची बॅग काढली, पुसली आणि कापायच्या टेबलावर आणून ठेवली.

"हिची चेन गेलीय. तेवढी बसवून दे."

वहिनींनी बॅगेकडे पाहिलं. "कधी हवीय?"

"शनिवारपर्यंत दे."

शनिवार म्हणजे अंतिम भागानंतरचा दिवस. कुठं जायचंय तेही न सांगता वन्सं भाजी निवडायला गेल्या. वहिनींनी जुनी चेन उसवली. वाईट बसवावी, दोन दिवसांत पुन्हा तुटेल अशी, असं क्षणभर मनात येऊन गेलं. पण परत आलेल्या त्या कोटानं पुरता धडा दिला होता. त्यांनी दुहेरी टीप घातली, टोकांना कापडाचे तुकडे लावले, मेण फिरवलं. चेन लोण्यासारखी चालू लागली. इतकी चांगली चेन त्यांनी आयुष्यात बसवली नव्हती, आणि तीच बघून त्यांना रडू आलं. रुमाल आधी काढून ठेवलेला होता, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी दुपारपासून वहिनी मशीनपाशी बसून होत्या. काम नव्हतं. कपडेपटाचं शेवटचं गाठोडं कधीच गेलं होतं. साडेपाचला वन्संनी चहा आणला, कप टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"वहिनी, तुला एक सांगायचंय. पुढचं आहे."

"सांगू नका," वहिनी पटकन म्हणाल्या.

वन्संच्या भुवया वर गेल्या. "तू म्हणतेस हे?"

"हो. मला नको आत्ता. ज्याच्या त्याच्या वेळेला कळेल."

"अगं, मास्तरांची शिष्या तू. शेवट कळल्याशिवाय तुला घास जात नाही. सहा आठवडे जात नाहीये, ते दिसतंय मला. ब्लाउजच्या बाह्या आत घेतल्यास दोनदा." वन्सं उठल्या, भिंतीपाशी गेल्या, खिळ्यावरच्या दोऱ्यातून एक कागद ओढून काढला आणि वहिनींसमोर ठेवला. "ही कॉलर कुणाची?"

ती तीच कॉलर होती. गळ्याच्या गोलाईतून थोरलीचा अर्धा चेहरा बघत होता आणि त्याखाली ठळक अक्षरं: नऊ वर्षांची मालिका घेणार निरोप. तारीखसुद्धा कापताना शाबूत राहिली होती.

वहिनी त्या कागदाकडे बघत राहिल्या. बातमी लपवायची म्हणून कापली खरी, पण कापलेला नमुना फेकायचा हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. सवयीनं भोक पाडलं, दोऱ्यात ओवला आणि टांगला. छापील बाजू बाहेर.

"आणि मला बसवतेस कुठं, तर बरोबर त्याच्यासमोर," वन्सं म्हणाल्या. "दर गाठोड्याला. पाच आठवडे वाचतेय मी. पहिल्यांदा डोळे मिटले. पण कितीदा मिटणार? तुझ्या चिठ्ठ्या वाचायला बराच वेळ लागतो."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. आज म्हणेल, उद्या म्हणेल, वन्सं, जाऊ नका. पाच आठवडे, वहिनी. मालिकेतसुद्धा इतकं ताणत नाहीत."

वहिनींनी पदर, खडू, कात्री, जे हाताशी आलं ते सारखं केलं. मग म्हणाल्या, "मी कोण म्हणणार? तुमच्या भावाचं घर आहे."

"भाऊ होता तोवर मी चार दिवसांवर कधी राहिले होते का इथं? आठव बरं."

वहिनींनी आठवलं. नव्हत्या राहिल्या. चौथ्या दिवशी बॅग भरलेली असायची.

"तुझं घर झालं म्हणून राहिले," वन्सं म्हणाल्या. "धाकटीला मालिकेचं निमित्त सांगत आले. तिला पटलं, ती भोळी आहे. पण तू? तीन शर्टांवरून माणूस मरणार म्हणून ओळखतेस, आणि हे नाही ओळखता आलं?"

"मग बॅग? चेन कशाला बसवायला दिलीत?"

"आठ दिवस जाऊन येते. शब्द दिलाय तिला, मालिका संपली की येते. किती दिवस ते कुठं सांगितलं होतं? आठ दिवस बातम्या बघेन. त्याहून जास्त बातम्या माणसाला झेपत नाहीत." वन्संनी चहाचा घोट घेतला. "हे तुला आठ दिवसांनी दारात कळलं असतं. मला तेच आवडलं असतं. पण तू तोवर टिकली नसतीस, म्हणून आधी सांगितलं."

वहिनींनी कपाला बोट लावून पाहिलं. म्हणाल्या, "चहा निवला तुमचा." आणि दोन्ही कप घेऊन आत गेल्या. तो पुन्हा गरम करायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. वन्संनी हाक मारली नाही.

सातला दोघी बसल्या. टीव्हीचं झाकण घडी करून बाजूला ठेवलं. पडद्यावर पाऊस होता, नदी फुगली होती, आणि नावेतून तपकिरी कोट घातलेला माणूस उतरला. चांगला भरलेला, पांढऱ्या केसांचा, नखशिखांत भिजलेला.

"बटणं छान बसलीत," वन्सं म्हणाल्या.

"दोन बोटं सोडली म्हणून."

दार उघडलं. थोरली निळा लांब कोट घालून पायऱ्या उतरू लागली. वहिनींना राहवलं नाही. "बघा, निघाली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रवासाचा कोट आहे तो."

"गप."

थोरली त्याच्यासमोर उभी राहिली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं अंगातला निळा कोट काढला, त्याच्या ओल्या खांद्यांवर घातला, आणि म्हणाली, चहा घेऊन जा, पुढची नाव अर्ध्या तासानं आहे. आणि आत जाऊन तिनं टेबलाशी ठेवलेली ती खुर्ची उचलून उतारूंच्या खुर्च्यांत नेऊन ठेवली.

वहिनी पुढं वाकून पडद्यात बघत होत्या. "तरी म्हटलं, खांदे चार बोटं रुंद का मागितले. मला वाटलं थोरली सुटलीय. त्याच्यासाठी होता होय."

"नऊ वर्षांत पहिल्यांदा तू चुकलीस," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मजेत दिसत होत्या. "बरं केलं तिनं. चहा दिला, तेवढं पुरे."

नावं वर सरकू लागली. वन्संचा अंगठा सवयीनं रिमोटवर गेला, आवाज बंद करून त्या उठल्यासुद्धा, आणि मग थबकल्या. 'पुढील भागात' काही लागलंच नाही. कुठल्यातरी साबणाची जाहिरात लागली होती. त्या परत येऊन बसल्या.

वहिनींनी टीव्ही बंद करून त्यावर झाकण घातलं.

"वन्सं, परतीचं तिकीट कितव्या तारखेचं आहे?"

"सगळं आजच कळायला हवं का तुला?"

"नाही, आपलं विचारलं."

"बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे," वन्सं म्हणाल्या. वहिनी उठल्या होत्या आधीच. आतल्या खोलीतून चेन उघडल्याचा आवाज आला, एका ओढीत, कुठंही न अडकता.